मुंबई बंदराच्या युद्धकालीन संरक्षक वास्तू

समुद्रमार्गे येणाऱ्या शत्रूपासून मुंबई बंदराचे रक्षण करण्यासाठी ब्रिटिश अमलात उभारलेले तोफमंच, दारूगोळ्याची कोठारे, भुयारे, निरीक्षण-चौक्या व त्यांना वीज पुरविणारी यंत्रघरे. सागरी दुर्ग म्हटले की जंजिरा, सिंधुदुर्ग वा खांदेरी डोळ्यांपुढे येतात. या वास्तू मात्र त्या परंपरेतील नव्हेत. लांब पल्ल्याच्या तोफांपुढे उंच दगडी तट निरुपयोगी ठरल्यानंतर त्या बांधल्या गेल्या. त्यामुळे त्यांचा बहुतेक भाग जमिनीत दडविलेला असून त्यांचे विस्मरणही म्हणूनच लवकर घडून आले.

अमेरिकन यादवी युद्धानंतर चिलखती युद्धनौकांचे महत्त्व वाढले. १८७० मध्ये मुंबईच्या रक्षणार्थ ‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ या दोन चिलखती नौका इंग्लंडमध्ये बांधण्यात आल्या. १८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवरून रशियाशी युद्ध जुंपण्याची भीती निर्माण झाल्यावर बंदराच्या तोफांकडे नव्याने लक्ष देण्यात आले. कुलाबा, मलबार टोक, बंदरातील मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक व क्रॉस ही बेटे आणि घारापुरी येथे संरक्षणाची ठाणी होती. पहिल्या महायुद्धात ‘एम्डेन’ या जर्मन नौकेने सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासच्या तेलटाक्यांवर मारा केला. १९१७ मध्ये ‘वुल्फ’ या नौकेने मुंबईबाहेर पेरलेल्या सुरुंगावर आदळून ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज बुडाले. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापटनम् व काकिनाडा येथे बाँब टाकले. मुंबईवर मात्र शत्रूच्या नौकेने कधीच मारा केला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी बंदराची भीषण हानी झाली, ती गोदीतच उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील स्फोटाने. समुद्राकडे तोंड केलेल्या तोफांचा तेथे काहीच उपयोग नव्हता.

अशा ठाण्यांत प्रकाशाची समस्या दुहेरी असे. कोठारात उघडी ज्योत नेणे धोक्याचे, म्हणून दिवे भिंतींतील कोनाड्यांत काचेआड ठेवीत. बाहेर मात्र रात्री येणारी नौका हेरण्यासाठी अतिशय प्रखर शोधदीप लागत. त्यांतील कार्बन प्रज्योत दिव्यांना कमी दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह लागे आणि तो लांबवर वाहून नेण्यात दाबाचा बराच ऱ्हास होई. त्यामुळे ब्रिटिश तटसंरक्षणात तेलाचे एंजिन व जनित्र ठाण्याजवळच्या मजबूत यंत्रघरात बसविण्याची पद्धत रूढ झाली. शहराच्या विजेवर विसंबून न राहण्यास दुसरेही सबळ कारण होते. ती वीज दुरून येई, आणि वाटेतील एक तार तुटली तरी ऐन वेळी अंधार होण्याचा संभव होता.

मुंबईची ही वीज प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील पाण्याची होती. टाटा कंपनीने लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी सु. ५०० मी. खाली सोडून खोपोली येथे १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. ती वीज सु. ७० किमी. लांबीच्या तारांवरून मुंबईस येई. भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे नंतरची. इंद्रायणी, आंद्रा व मुळा या नद्यांचे पाणी एरवी पूर्वेकडे भीमेस मिळून शिरूर व दौंड तालुक्यांच्या सीमेवरून पुढे गेले असते. ते सह्याद्रीच्या पश्चिमेस वळविले गेले. मुळशी धरणाखाली जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, पण धरण थांबले नाही. हे पाणी पुन्हा भीमा खोऱ्यास मिळावे ही मागणी अद्याप मिटलेली नाही. मुंबईच्या उजेडाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न युद्धेतिहासात सहसा विचारला जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात तटवर्ती तोफखाना भूसेनेकडून नौदलाकडे आला. बंदरातील काही बेटे नौदलाच्या ताब्यात असल्याने तेथील अवशेष सामान्य अभ्यासकास पाहता येत नाहीत. मलबार टोकावरील राजभवनाच्या आवारात बुजविलेले एक भुयार ऑगस्ट २०१६ मध्ये उघडण्यात आले. त्यात १३ दालने असून गोळ्यांचे कोठार, काडतूस कोठार, गोळे वर चढविण्याचा पाळणा, पंप, कार्यशाळा असे त्यांच्या वापराचे इंग्रजी उल्लेख भिंतींवर आढळले. सांडपाण्याची व्यवस्था आणि हवा व उजेड येण्यासाठी ठेवलेले मार्गही तेथे आहेत. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले.

घारापुरीच्या डोंगरावर दोन मोठ्या तोफा अद्याप आपल्या फिरत्या बैठकींवर असून त्यांच्याखाली भुयारी दालने आहेत. लेणी पाहून परतणारे बहुसंख्य प्रवासी तेथवर चढत नाहीत. बेटावरील शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या वस्त्यांना मात्र समोर मुंबईचे दिवे दिसत असताना डीझेल जनित्रावर संध्याकाळचे काही तासच वीज मिळे. समुद्रतळावरून टाकलेल्या सु. ७·५ किमी. लांबीच्या केबलीद्वारे त्यांना नियमित वीजपुरवठा सुरू झाला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये.