दोन होड्या, एक वाद : 'होकुलेआ'ची सफर

१९५६ साली न्यूझीलंडमधील इतिहासकार अँड्र्यू शार्प यांनी एक अप्रिय प्रश्न विचारला. प्रशांत महासागरात हजारो मैल विखुरलेल्या बेटांवर पॉलिनेशियन लोक पोहोचले हे खरे; पण ते ठरवून पोहोचले, हे कशावरून? होकायंत्राविना सुमारे ३०० मैलांपलीकडचे बेट गाठून परत येणे शक्य नाही, असे त्यांचे मत होते. वादळात भरकटलेल्या होड्या योगायोगाने किनाऱ्याला लागल्या आणि बेटे वसली, एवढाच त्यांच्या लेखी हा इतिहास होता.

हवाईच्या लोकांना हे झोंबले. पूर्वजांच्या समुद्रप्रवासाच्या कथा त्यांच्या परंपरेत होत्या. कथा मात्र पुरावा ठरत नव्हती. १९७३ मध्ये संगणकावर वारे व प्रवाहांचे गणित मांडून हजारो काल्पनिक होड्या वाहवत सोडल्या गेल्या. इतर बेटांवरून निव्वळ वाहत जाऊन हवाईला पोहोचणे जवळजवळ अशक्य असल्याचे त्यातून दिसले. मग उरला एकच मार्ग : होडी बांधून पाहणे.

त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि टॉमी होम्स यांनी पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. ८ मार्च १९७५ रोजी सुमारे ६२ फूट लांबीची 'होकुलेआ' पाण्यात उतरली. होकुलेआ म्हणजे आपली स्वाती. हा तारा हवाईच्या जवळजवळ माथ्यावरून जातो. त्यामुळे परतणाऱ्या खलाशाला तो आपल्या बेटाचा अक्षांश सांगतो.

तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. दोन लांब, अरुंद होड्या काही अंतरावर समांतर ठेवायच्या, आडव्या तुळयांनी जोडायच्या आणि त्यांवर फळ्यांचा मंच घालायचा. शिडावर वारा दाबला की एका बाजूची होडी पाण्यात अधिक दबते आणि पाणी तिला तितक्याच जोराने वर लोटते. दुसरीकडे वाऱ्याकडची होडी आपल्या वजनाने तोल धरते. स्थैर्य रुंदीतून मिळते, म्हणून तळाशी जड भार लागत नाही. सांधे खिळ्यांनी न जखडता दोरांनी बांधलेले असतात (जुन्या काळी नारळाच्या काथ्याच्या), त्यामुळे लाटेबरोबर ते किंचित हलतात, तुटत नाहीत. कोकणात होडीला एका बाजूने उलांडी लावतात, तीही तोल रुंदीवरच सांभाळते. गंमत अशी, की अशा जोडहोडीला आज जगभर 'कॅटमरान' म्हणतात. तो शब्द मात्र तमिळ 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेले ओंडके, यावरून आलेला आहे.

होकुलेआ पूर्णपणे पारंपरिक मात्र नव्हती. तिच्यात प्लायवुड आणि फायबरग्लास होते. टीकाकारांचा हा आक्षेप रास्त आहे. परंतु परीक्षा सामग्रीची नव्हती, आकाराची, शिडाची आणि दिशाज्ञानाची होती.

आणि परीक्षा कठीण होती. ताहिती हवाईच्या दक्षिणेला तर आहेच, शिवाय थोडे पूर्वेलाही आहे; वारेही पूर्वेकडूनच येतात. खोल कणा नसलेली ही होडी वाऱ्याशी सुमारे ७५ अंशांचा कोन धरू शकत होती. वारा थेट बाजूने घेतला तर कोन ९० अंशांचा होतो, म्हणजे कमाई अवघी १५ अंशांची! तेवढ्यावर सुमारे २५०० मैल पूर्वेची बाजू राखत जायचे होते. तराफ्याला हे साधत नाही. १९४७ मध्ये पेरूहून निघालेला थोर हेयरडालचा 'कॉन-टिकी' १०१ दिवस वाऱ्यामागे वाहत गेला होता.

१ मे १९७६ रोजी होकुलेआ माउई बेटावरून निघाली. दिशा दाखवायला होते मायक्रोनेशियातील सतावल बेटाचे माऊ पिआइलुग. तारे, लाटांची दिशा आणि पक्षी यांवर त्यांची सारी भिस्त होती. महिन्याभरानंतर, जूनच्या आरंभी, होडी ताहितीच्या पापीएते बंदरात शिरली तेव्हा स्वागतासाठी हजारोंचा जनसमुदाय लोटला होता. वाटेत मात्र खलाशांत इतकी भांडणे झाली होती, की माऊ तिथूनच घरी परतले.

जोडहोडीची दुसरी बाजू १९७८ मध्ये दिसली. १६ मार्चला खराब हवेत, जड सामानासह आणि सोबतीच्या जहाजाविना होकुलेआ पुन्हा निघाली. काही तासांतच एका बाजूच्या होडीत पाणी शिरले आणि मोलोकाईच्या खाडीत ती उलटली. खोल, जड कण्याची नौका कलंडली तर भाराने सरळ होऊ शकते. जोडहोडीचे तसे नाही. जी रुंदी तिला उलटू देत नाही, तीच उलटल्यावर तिला तशीच स्थिर धरते. खलाशी रात्रभर तिच्या पालथ्या अंगाला धरून राहिले. त्यांच्यातला एडी ऐकाऊ, वाइमेआ किनाऱ्यावरचा नावाजलेला जीवरक्षक, मदत आणण्यासाठी सर्फबोर्डवरून निघाला. इतरांची सुटका झाली. एडी कधीच सापडला नाही.

शार्प यांच्या प्रश्नाचे उत्तर १९७६ ने किती दिले? असा प्रवास शक्य होता, एवढे निश्चित. तो तसाच झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी 'अशक्य' हा शब्द त्यानंतर टिकला नाही. १९८० मध्ये माऊंकडून शिकलेल्या नैनोआ थॉम्पसन या हवाईच्या तरुणाने उपकरणांविना ताहितीला जाऊन होकुलेआ परत आणली. या वेळी सोबतीला जहाज होते.