रोमच्या वाटेवरचा एक टप्पा

इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमला गेला. नव्या आर्चबिशपने पोपकडून 'पॅलियम', म्हणजे पांढऱ्या लोकरीचा पट्टा, आणायचा असा तेव्हाचा रिवाज होता. परतीच्या वाटेवरचे त्याचे ऐंशीच्या आसपास मुक्काम कुणीतरी लिहून ठेवले. नुसती नावं! पाऊस लागला का, चोर भेटले का, चकार शब्द नाही. आम्हा आय. टी. वाल्यांच्या भाषेत ही निव्वळ लॉग फाइल. पण ती टिकली, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि तिच्याच आधाराने हजार वर्षांनी ही वाट पुन्हा आखता आली. हीच 'व्हिया फ्रान्चिजेना', फ्रँक लोकांच्या मुलुखातून येणारी वाट. १९९४ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला.

कँटरबरी ते रोम जवळजवळ २००० कि.मी. तेवढी रजा कोण देणार? म्हणून मी तस्कनीतला एकच टप्पा चाललो: मोन्तेरिज्जोनी ते सिएना, साधारण २० कि.मी.

मोन्तेरिज्जोनी म्हणजे टेकडीवरचा छोटासा कोट. फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला सिएनाने तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. तटाला चौदा बुरूज. दान्तेने नरकातल्या राक्षसांना याच बुरुजांची उपमा दिली आहे. जवळच आबादिया आ इझोला नावाचा जुना मठ आहे. 'इझोला' म्हणजे बेट. एके काळी याच्याभोवती दलदल होती. सिगेरिकच्या यादीतला सोळावा मुक्काम याच भागातला, आणि पंधरावा सिएना.

वाट पांढऱ्या खडीची, मधूनमधून ओकचं रान. पुढे पियान देल लागो हे सपाट मैदान लागतं. इथेही पाणी साचायचं. अठराव्या शतकात जमिनीखालून कालवा खणून ते काढून दिलं. रोमला जाणारी वाट डोंगरातून का, याचं एक उत्तर इथे पायाखालीच मिळतं: सखल भागात चिखल आणि हिवताप. दुसरं उत्तर राजकीय. लोंबार्ड राजांना दक्षिणेकडे जायला बायझंटाइन मुलूख टाळणारी वाट हवी होती.

आपल्या वारीसारखी इथे दिंडी नाही, ठरलेली तिथी नाही. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो निघतो. त्या दिवशी मला वाटेत मोजून चार माणसं भेटली.

सिएनाला ना समुद्र, ना मोठी नदी. ही वाटच तिचं बंदर होती. यात्रेकरू आले, व्यापारी आले, मागोमाग सावकारी पेढ्या आल्या. कॅथीड्रलच्या समोर सान्ता मारिया देल्ला स्काला हे प्रचंड जुनं इस्पितळ आहे, आता म्युझियम. यात्रेकरूंच्या दालनात पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत: जखमी माणसाची शुश्रूषा, गरिबांना दानधर्म, टाकून दिलेल्या मुलांचा सांभाळ, त्यातल्या एका मुलीचं लग्नसुद्धा.

तिथे मी बराच वेळ थांबलो. आर्चबिशपचे मुक्काम कागदावर राहिले, पण याच वाटेने पाय ओढत आलेल्या हजारोंची नावं कुणी लिहिली? त्यांची आठवण राहिली ती या भिंतीवर, कुणाच्या तरी हातून जेवण घेताना.

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, आणि सिएनाला पोचल्यावर हे इस्पितळ चुकवू नका.