आसुडाविना शिकवण

मुक्या जनावरास शिकवायचे तर त्याला धाक हवाच, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. मुलांच्या बाबतीतही ती फारशी निराळी नव्हती. या समजुतीला प्रयोगाच्या कसोटीवर आव्हान देणाऱ्या केलर व मॅरियन ब्रेलंड या अमेरिकन दांपत्याचा इतिहास आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या कथेचा उगम युद्धात आहे. १९४३ साली मिनिआपोलिस येथील पिठाच्या गिरणीत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हे बॉम्बला दिशा देण्यासाठी कबुतरांना शिकवीत होते. शासनाने ती योजना पुढे गुंडाळली. परंतु तेथे काम करणाऱ्या या दोघा विद्यार्थ्यांना एक सूत्र गवसले. अवघड कृतीचे बारीक टप्पे पाडावेत आणि प्रत्येक योग्य पावलाला तत्काळ बक्षीस द्यावे, हे ते सूत्र. डॉक्टरेटची वाट सोडून त्यांनी १९४७ साली ‘ॲनिमल बिहेवियर एंटरप्रायझेस’ ही संस्था काढली.

दाणा हाती येईपर्यंत क्षण निघून जातो आणि नेमके कशाचे बक्षीस मिळाले, हे प्राण्यास उमगत नाही. म्हणून योग्य कृती घडताच शिट्टीचा वा खटक्याचा आवाज करावयाचा व मागाहून खाऊ द्यावयाचा. दूर पाण्यात असलेल्या डॉल्फिनलाही अशी शाबासकी पोहोचविता येते. १९५५ साली हॉट स्प्रिंग्ज येथे त्यांनी ‘आय. क्यू. झू’ हे प्रदर्शन उघडले. तेथे नाणे टाकले की कोंबड्या-ससे आपली करामत दाखवीत.

यशाच्या शिखरावर असताना १९६१ साली त्यांनी आपल्या अपयशांवर निबंध लिहिला, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. पेटीत नाणे टाकावयास शिकविलेले डुक्कर कालांतराने ते नाणे मुसकटाने उकरीत बसे, मग त्यापायी उपाशी राहावे लागले तरी बेहत्तर. रॅकून दोन नाणी एकमेकांवर घासत राही. बक्षिसाने सर्व काही साधते, या गुरूंच्या सिद्धांताला ही मर्यादा होती. प्राणी म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याची उपजत प्रकृती जाणल्यावाचून त्यास शिकविता येत नाही.

या विद्येस दुसरी बाजूही आहे. जन्मास आली युद्धासाठी, वापरली गेली जाहिरातीसाठी व करमणुकीसाठी. तथापि मॅरियन यांनी तिला करुणेची वाट दाखविली. मतिमंदांच्या संस्थांतील परिचारकांसाठी १९६५ साली निघालेल्या पुस्तिकेत त्यांचे लेखन आहे. ज्यांना काहीच शिकविता येणार नाही असे मानले जाई, त्यांना स्वतः जेवणे, कपडे घालणे या गोष्टी टप्प्याटप्प्याने शिकविता येतात, असा तिचा आशय होता.

त्याच वर्षी केलर निवर्तले. मॅरियन यांनी १९७८ साली डॉक्टरेट पूर्ण केली. द्वितीय पती बॉब बेली यांच्यासह त्यांनी १९९० पर्यंत संस्था चालविली आणि पुढे श्वानप्रशिक्षकांना कोंबड्यांवर धडे दिले. कोंबडीला दोरीने ओढून वा दटावून काही शिकविता येत नाही. ती सरळ पळ काढते. त्यामुळे शिकविणाऱ्यासच आपली घाई व चुकलेली वेळ सुधारावी लागते.

२००१ साली मॅरियन यांचे निधन झाले. विद्यार्थी चुकला तर प्रथम शिकविणाऱ्याने आपली पद्धत तपासावी, हा त्यांच्या कार्याचा बोध घराघरांतील पालकांनी व शाळांतील शिक्षकांनीही ध्यानी घ्यावा, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.