पडदा गेला, शब्द उरले

मंडळी, डोंगरकड्यात आज आपण संगणकाच्या पडद्याचा इतिहास पाहतोय. 2002 साली ग्नोम 2 आलं, पुढे त्याचे मेनू मराठीतही आले. 2004 मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट खुले केले. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम 3 आलं आणि ओळखीचा पडदा मागे पडला. ज्यात ग्नोमचे प्रोग्रॅम लिहीत, ते 1999 पासूनचं अंजुताही नंतर थांबलं. आम्हाला त्याची हळहळ आहेच. पण मूळ कोड खुला होता, म्हणून 'माते' प्रकल्पाने तोच पडदा पुढे चालवला आणि भाषांतराच्या फायलीही सोबत गेल्या. कोड कुलुपात असता, तर मराठी शब्दही तिथेच अडकले असते. मात्र नवा मेनू आला की त्याचं मराठी कुणीतरी करावं लागतं. नाहीतर तिथे इंग्रजीच दिसते.