मालाचे नाव आणि जकातीची ओळ

वाचकहो, नगरहून संभाजीनगरकडे निघालात की वाटेत घोडेगाव लागते. शनिशिंगणापूरचा फाटा म्हणून पुष्कळांना ते ठाऊक. शेतकऱ्याला मात्र ते ठाऊक आहे जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारामुळे. ह्या बाजारात कांद्याचे लिलाव होतात, तेव्हा भाव ठरवायला समोर व्यापारी असतो. पण आणखी एक गोष्ट तिथे न दिसता हजर असते. ती म्हणजे भारत सरकारच्या जकातीच्या कोष्टकातली एक ओळ. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या ओळीसमोर ४० टक्के निर्यात-कर लागला आणि नगर-नाशिकच्या बाजारांत गोंधळ उडाला, हे आपल्याला आठवत असेल.

ही ओळ म्हणजे काय, आणि ती आली कुठून, ते आज पाहू.

जकात हा शब्द आपल्याकडे जुना. मराठी राज्यात नाक्यानाक्यावर ती घेत, आणि पुष्कळदा बैलाच्या ओझ्यावर घेत. किराण्याच्या ओझ्याला एक दर, कापडाच्या ओझ्याला दुसरा, धान्याला तिसरा. म्हणजे गोणीत काय आहे हे आधी ठरले पाहिजे, मगच दर. नाक्यावरची निम्मी भांडणे ह्याच मुद्द्यावर होत असली पाहिजेत, असे मला वाटते!

पण जकात म्हणजे नुसती तिजोरी भरण्याचे साधन नव्हे, हे जाणणारा राजा आपल्याकडे होऊन गेला. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना एक पत्र लिहिले. विषय होता मीठ. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि स्वराज्यातले मीठ पडून राही. संगमेश्वराकडच्या मिठाचा भाव ध्यानात घेऊन बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी महाराजांची आज्ञा होती. गुरुजी, हे पत्र वर्गात जरूर सांगा. मीठ तेच, खारटपणा तोच. पण ते कुठले, यावरून त्याची जकात निराळी.

घोडेगावच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ह्याच रस्त्याने पुढे चला. प्रवरासंगमापाशी गोदावरी ओलांडली की पलीकडे कायगाव. १९४८ पर्यंत ती नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचे राज्य. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. इंग्रज आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापाराचा तह झाला, त्यात मालाच्या किमतीवर शेकडा पाच हा दर ठरला होता. अलीकडे मुंबई इलाख्यातली गावोगावची वाहतूक-जकात १८३७-३८ च्या सुमारास उठली, पण पलीकडचे नाके शंभर वर्षांहून अधिक टिकले. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी करोडगिरी नाका हा शब्द होता तो ह्यामुळे. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात सीमेवरच्या छावण्यांतल्या तरुणांनी हल्ल्यांसाठी निवडली ती ठाणी आणि हे नाकेच. लोकांना सरकार रोजच्या रोज जिथे टोचत होते, ती ही जागा.

आता समुद्राकडे वळू, कारण इंग्रजी अमलातली मोठी जकात मुंबई बंदरातच जमा होई. १८८२ साली इंग्रजांनी बहुतेक आयात-जकात उठवली. १८९४ साली पैशाची ओढ लागली तेव्हा शेकडा पाच पुन्हा बसवली. आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वाईट वाटू नये म्हणून १८९६ साली आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर लादला! हा अन्याय तीस वर्षांच्या आसपास चालला. पोलादाची गोष्ट जरा वेगळी. जमशेदपूरचा टाटांचा कारखाना परदेशी स्वस्त पोलादापुढे टिकेना, म्हणून १९२४ साली पोलाद-संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हा रूळ, गज, पत्रे असे प्रकार पाडून टनामागे निरनिराळे रुपये ठरले. १९२७ साली त्यात भर पडली ती अशी, की ब्रिटनच्या पोलादाला जकात कमी आणि इतरांच्याला जास्त. बारदेशच्या मिठाचेच तत्त्व, फक्त राजा परका.

प्रकार पाडणे म्हणजे काय, ते एका वस्तूवरून समजून घ्या. नदीत पुलाचा खांब उभारायचा तर आधी पाणी अडवावे लागते. त्यासाठी लांब पोलादी पाट्या नदीच्या तळात उभ्या ठोकतात. प्रत्येक पाटीची कड अशी वळवलेली असते की ती शेजारच्या पाटीच्या कडेत अडकावी, जशी दोन हातांची बोटे एकमेकांत अडकतात. अशा पाट्यांची रांग झाली की पोलादाची भिंत तयार. ह्यांना शीट पाइल म्हणतात. आता जकातीच्या अंमलदारापुढे प्रश्न असा: हा पत्रा म्हणायचा की तयार वस्तू? आजच्या कोष्टकात साधे लोखंड-पोलाद ७२ व्या प्रकरणात आणि पोलादाच्या वस्तू ७३ व्या प्रकरणात येतात. शीट पाइलला ७३ व्या प्रकरणातली पहिलीच ओळ मिळाली आहे, ७३०१. भोके पाडलेली असोत वा नसोत, तुकडे जोडून केलेली असोत, ओळ तीच. रेल्वेचे रूळ लगेच खाली, ७३०२. सपाट पत्रा मात्र मागे ७२ मध्ये राहतो. कडेची ती वळणच जागा ठरवते.

हे आकडे सगळ्या जगाने मिळून ठरवले आहेत. १९८३ साली ब्रुसेल्सला करार झाला आणि १९८८ पासून तो लागू झाला. पहिले सहा आकडे सर्व देशांत सारखे, पुढचे दोन आपले. ९७ प्रकरणे, आणि सुईपासून जहाजापर्यंत प्रत्येक वस्तूला कुठेतरी घर. एका वस्तूवर दोन ओळी दावा सांगू लागल्या तर नियम असा की मोघम नावापेक्षा नेमके नाव श्रेष्ठ.

नाव तरी कुणाचे धरायचे, शास्त्रज्ञाचे की बाजाराचे? ह्याचे उत्तर आपल्या अकोल्यातून निघाले. तिथल्या विड्याच्या पानांवर विक्रीकर लागला. व्यापारी म्हणाले, पान ही वनस्पती, म्हणून ती भाजी, आणि भाजीला तर माफी आहे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली निकाल लागला, की कायद्यातला शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने नव्हे, लोक बोलतात त्या अर्थाने घ्यावा. आणि लोक विड्याच्या पानाला भाजी म्हणत नाहीत. पाने हरली. पण ते सूत्र पुढे जकातीच्या वादांतही वापरले गेले.

आता परत घोडेगावच्या कांद्याकडे. ताजा कांदा ०७०३ मध्ये, लसूण त्याच्याच शेजारी. तोच कांदा चिरून वाळवला की त्याची ओळ बदलून ०७१२ होते. म्हणून वाळवणाचा कारखाना काढू म्हणणाऱ्या तरुणाने यंत्राच्या किमतीबरोबर ही ओळही वाचावी. ताज्या कांद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तर निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये ती उठली तरी ४० टक्के कर राहिला, सप्टेंबरात तो २० वर आला, आणि १ एप्रिल २०२५ पासून उठला. आपला माल कोणत्या ओळीत बसतो याची शंका असेल तर तो बोटीवर चढण्याआधीच विचारण्याची सोय कायद्याने ठेवली आहे, आणि असा आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण मुंबईतही आहे. अर्ज करताना माल कसा तयार होतो ते पायरीपायरीने लिहावे; नुसते नाव लिहून भागत नाही.