काळा घोडा

मुंबईतल्या एस्प्लनेड रोड आणि रॅम्पार्ट रो यांच्या चौकाची जुनी छायाचित्रं बघताना नजर आधी घोड्यावरच जाते. उंच चौथरा, त्यावर घोडा आणि घोड्यावर लष्करी गणवेशातला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. बघ्याला वाटावं, मुंबईचे रस्ते तेव्हा ओस होते. पण संथ कॅमेऱ्याला चालती माणसं नीट टिपता येत नसत. ती धुरकट होत, कधी पुसूनच जात. पुतळा हलत नव्हता, म्हणून तो नालांपर्यंत स्पष्ट आला.

त्या आधी इथे किल्ल्याची हद्द होती. रॅम्पार्ट रो या नावातच तटबंदी आहे. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवं शहर उभं राहू लागलं. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजातून आणून वॉटसन हॉटेलचा सांगाडा इथे जोडला गेला. मग डेव्हिड ससून ग्रंथालय आलं. डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी युवराजाच्या १८७५च्या मुंबईभेटीची आठवण म्हणून पुतळा करवून घेतला. जोसेफ बोहम या शिल्पकाराने तो घडवला आणि १८७९मध्ये त्याचं अनावरण झालं.

पुतळा युवराजाचा, पैसा ससूनचा. नाव मात्र मिळालं घोड्याचं. ब्राँझला हवा-पावसाने काळपट झाक चढते. ट्रामवाल्याला, हमालाला, वाट विचारणाऱ्या पाहुण्याला तेवढी खूण पुरली. त्या बारशाचा कुठे समारंभ झाला नाही, म्हणून त्याचं छायाचित्रही नाही. कृष्णधवल छपाईत तर सगळंच काळं-पांढरं. घोड्याचा काळेपणा तिथे वेगळा उठून दिसत नाही. तो फक्त लोकांच्या बोलण्यात टिकला. मला या चौकाच्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

चालत्या माणसांना जिथे कॅमेरा धरू शकत नव्हता, त्याच चौकात ७ जुलै १८९६ रोजी चित्रं हलली. वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. छायाचित्रकार असलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, म्हणजे सावेदादांना, या नव्या यंत्राने झपाटलं. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये मुंबईतली एक कुस्ती टिपली.

पुढची छायाचित्रं भराभर उलटता येतात. विजेच्या ट्रामा, मोटारी, १९५२मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी. १९६५ साली वसाहतकाळातले पुतळे हलवले गेले, तेव्हा घोडाही स्वारासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. चौथऱ्याच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. तरीही बसमध्ये तिकीट मागताना माणसं ‘काळा घोडा’च म्हणत राहिली. घोडा प्रत्यक्ष न पाहिलेली पिढीही तेच नाव वापरत वाढली.

समोरच्या वेसाइड इन या उपाहारगृहात बसून कवी अरुण कोलटकर हा घोडा नसलेला चौक वर्षानुवर्षं न्याहाळत होते. जुन्या छायाचित्रांत जी माणसं पुसली गेली होती, तशीच माणसं, म्हणजे झाडूवाल्या, भिकारी, फुटपाथवर राहणारी, त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. तो संग्रह २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला.

२०१७मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा चौकात उभा राहिला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. संध्याकाळी त्याच्यासमोर मोबाइल घेऊन माणसं उभी असतात, आणि त्या फोटोंत मागून जाणारी गर्दीही स्पष्ट येते.