करवीरचें रोजचें जेवण

कोल्हापूरचें नांव घेतलें कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें तांबडा रस्सा उभा राहतो. पुणें-मुंबईच्या खानावळींवरील पाट्यांनीं तर असा समज करून दिला आहे कीं, करवीरकर हे दोन्ही वेळां मटण आणि तिखट यांवरच जगतात. एका पदार्थावरून सबंध प्रांताची ओळख ठरणें नवीन नाहीं. परंतु इतरांनीं रंगविलेलें हें चित्र आतां खुद्द करवीरकरही खरें मानूं लागले आहेत, आणि तेथें प्रश्न केवळ कौतुकाचा न राहतां प्रकृतीचा होतो. म्हणून या नगराच्या व त्याच्या सभोंवतालच्या मुलखाच्या रोजच्या जेवणाचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

या कामीं पहिली अडचण साधनांची. राजांच्या पंक्तींची वर्णनें सांपडतात. कुणब्याच्या न्याहारीची सांपडत नाहींत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत अन्नभोगाचें प्रकरण आहे, व त्यांत मांड्यांपासून मांसाच्या नाना प्रकारांपर्यंत राजाच्या ताटांतील पदार्थ वर्णिले आहेत. त्या काळीं करवीर प्रांतीं शिलाहारांचें राज्य होतें. त्यांच्या प्रजेनें काय खाल्लें हें सांगणारा ग्रंथ मात्र नाहीं. मराठींत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालीं. आणि वाटी-चमच्याच्या मापानें घरोघर पोंचलेलें कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं. हीं पुस्तकें मोलाचीं आहेत. तरीपण जें शिकवावें लागतें तें पुस्तकांत येतें. जें आईच्या हाताखालीं आपोआप येतें तें लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नाहीं. जोंधळ्याच्या कण्या ताकांत कालवून खाण्यास कोणी पुस्तक पाहत नाहीं. यामुळें लेखी पुराव्यांत मेजवानी मोठी दिसते आणि नित्याचें जेवण दिसेनासें होतें.

तें पाहावयाचें तर जमिनीकडे पाहावें लागतें. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग आहे. गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा या डोंगराळ भागांत पाऊस धो धो कोसळतो. तेथें भात आणि नाचणी. पूर्वेस शिरोळ-हातकणंगल्याकडे पाऊस उतरत जातो व काळी जमीन लागते, तेथें जोंधळा. मधल्या पट्ट्यांत तूर, हरभरा, हुलगे, भुईमूग. तेव्हां डोंगरांत नाचणीची भाकरी, आंबील व भात, आणि सपाटीवर जोंधळ्याची भाकरी, असें ताट जमिनीनेंच वांटून दिलें होतें. भाकरीबरोबर झुणका किंवा आमटी, हुलग्याचें माडगें, मोड आलेल्या मटकीची उसळ, चाकवत, अंबाडी, माठ, शेपू यांपैकीं हंगामांत येईल ती पालेभाजी, तोंडीं लावण्यास खर्डा व कांदा, आणि दुभतें असेल त्या घरीं ताक. हें गरिबीचें जेवण होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. पुष्कळांना तेंही पोटभर मिळत नसे. परंतु त्यांतील पदार्थांची जुळणी मात्र शहाणपणाची होती, आणि त्या शहाणपणाची साक्ष पुढें शास्त्रानें दिली.

आतां तिखटाविषयीं. ज्या मिरचीवरून कोल्हापूर ओळखलें जातें ती मिरची मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या जहाजांबरोबर मिरची, बटाटा, भुईमूग, टोमॅटो यांसारखीं नव्या खंडांतील पिकें पुढील काळांत निरनिराळ्या वेळीं आपल्याकडे आलीं. त्यापूर्वीं आपल्या अन्नांतला तिखटपणा मिरीं, पिंपळी व आलें यांचा होता. म्हणजे ‘मानसोल्लासा’ंतल्या राजाला मिरची ठाऊक नव्हती. मिरीं घाटाखालून विकत आणावीं लागत. मिरची परसांत होते. स्वस्त, थोडकी पुरणारी आणि वाळवून वर्षभर टिकणारी ही चीज कोरड्या भाकरीस चव देऊं लागली, म्हणूनच ती गरिबाच्या घरीं रुजली. संकेश्वरी मिरचीचा झोंबरेपणा आणि ब्याडगीचा रंग एकत्र करून उन्हाळ्यांत घरोघर कांदा-लसणाचें तिखट कुटण्याची जी चाल पडली, ती वर्षाची बेगमी होती. चिमूटभर तिखटानें एक भाकरी सरावी हा तिचा हेतु. वाटीभर तिखट तेलावर तरंगावें हा नव्हे.

मग रस्सा कोठला? तोही खरा आहे, परंतु त्याला दिवस ठरलेले होते. आषाढांत पंचगंगेचें नवें पाणी त्र्यंबोलीस वाहण्याचा सोहळा होतो. त्या दिवसांत घरोघर मटण शिजे. गांवची म्हाई, जत्रा, सोयऱ्याचें येणें, हे दुसरे प्रसंग. एरव्हीं श्रावण, चातुर्मास, उपासाचे वार यांनीं वर्षाचा मोठा भाग व्यापलेला. बकरें पडलें तरी खाणारीं तोंडें पुष्कळ. म्हणून मांस थोडें आणि रस्सा फार अशी रीत पडली. हाडांच्या सुपांत नारळाचें दूध, खसखस, तीळ घालून पांढरा आणि तिखट-मसाला घालून तांबडा, असे दोन रस्से करून पाहुण्यांची पंक्ति उठे. थोडक्या मांसांत पुष्कळांना तृप्त करण्याची ही युक्ति होती. आज हॉटेलांत एकेका ताटापुढें जें मांस येतें, तें त्या युक्तीच्या नेमकें उलट आहे.

दुसरें एक कारण तालमींचें. शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयानें कोल्हापूर हें कुस्तीचें माहेरघर झालें. १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें. मोतीबाग, गंगावेस यांसारख्या तालमींत वाढणारा मल्ल दूध, तूप, बदाम, थंडाई यांवर पोसला जाई, आणि शहरांत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देण्याचे कट्टे प्रसिद्धीस आले. तो खुराक त्यास शोभत होता, कारण पहांटेपासून हजारों जोर-बैठका व मातींतील झटापट यांत तो सर्व जळून जात असे. मल्लाचें ताट घेऊन मल्लाची मेहनत मात्र न घेणारा कारकून किंवा व्यापारी यास तोच खुराक भारी पडतो. कोल्हापूरच्या आहाराची कीर्ति मल्लांनीं वाढविली. तिचा दंड पेढीवर बसणारे भरीत आहेत.

गुळाचीही कथा अशीच. १८९५ सालीं महाराजांनीं शाहूपुरी ही पेठ वसविली आणि ती गुळाची मोठी बाजारपेठ झाली. भोगावतीवरील राधानगरीच्या धरणाचें कामही त्यांच्याच कारकीर्दींत सुरू झालें, व पुढें पाणी वाढलें तसा ऊस वाढला. गुऱ्हाळांतील काहिलींत उकळणारा रस, भेंडीच्या चिकट पाण्यानें वर येणारी मळी, वाफ्यांत ओतलेला पाक आणि रव्यांची रास हें हिवाळ्यांतील दृश्य येथील पिढ्यांनीं पाहिलें आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु गूळ घरीं होतो म्हणून तो निरुपद्रवी, अशी जी समजूत आहे ती चुकीची होय. गुळांत लोह व इतर क्षार थोडे असतात हें खरें. तथापि तो मुख्यत्वें साखरच आहे, आणि मधुमेह्याच्या रक्तांत तो साखरेसारखाच वागतो. पूर्वीं उन्हांतून आलेल्या माणसास गुळाचा खडा व तांब्याभर पाणी देत. दिवसांतून पांच वेळां गोड चहा देत नसत.

अन्नाच्या इतिहासांत कोणी कोणाच्या हातचें खावें हाही प्रश्न येतो, आणि त्याबाबत कोल्हापूरनें जें केलें तें रश्श्यापेक्षां अधिक अभिमानास्पद आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. कारण खेड्यांतल्या मुलाची शाळा बहुधा दोन वेळच्या जेवणापाशीं अडत असे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांस त्यांनीं चहाचें दुकान घालून दिलें आणि स्वतः तेथें गाडी थांबवून चहा घेतला. राजानें उघड्यावर घेतलेल्या त्या पेल्यानें जें सांगितलें, तें अनेक जाहीरनाम्यांस सांगतां आलें नसतें.

आतां चुलीपाशीं बसणाऱ्या बाईकडे वळूं. जुनें जेवण साधें होतें असें आम्हीं म्हटलें. तें सोपें होतें असें म्हटलेलें नाहीं. भाकरीच्या आधीं दळण, दळणाआधीं निवडणें. भाताच्या आधीं कांडण. आणि या सर्वांबरोबर पाणी, सरपण व धूर. पहांटेच्या जात्यावरील ओव्यांचें कौतुक करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या ओव्या झोंप मोडून म्हटलेल्या होत्या. पिठाची गिरणी आली, पुढें प्रेशर कुकर व गॅस आला, हें बायकांवरील ओझें हलकें झालें, आणि त्याबद्दल खंत करण्याचें कांहींएक कारण नाहीं. चूक यंत्राची नाहीं. गिरणींतही अख्खा जोंधळा दळतां येतो व कोंडा ठेवतां येतो. कोंडा टाकण्याची व पांढऱ्याशुभ्र तांदुळाचीच प्रतिष्ठा मानण्याची हौस मात्र आपली.

या हौशीची किंमत शास्त्रानें दाखवून दिली. डच वैद्य आयकमन यांस गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस जावा बेटांत असें आढळलें कीं, सडलेल्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो व तांदुळाचा कोंडा दिल्यानें तो बरा होतो. या संशोधनाबद्दल १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. आपल्याकडे कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घालून पाहिले. अख्ख्या गव्हाची रोटी, दूध, डाळ व भाज्या खाणारे उंदीर उत्तम वाढले. सडलेल्या तांदुळावरचे खुरटले. त्याच संस्थेंतून पुढें हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. भाकरी आणि डाळ यांच्या जोडीचें मर्मही आतां उलगडलें आहे. धान्यांतील प्रथिनांत जें उणें असतें तें डाळींत असतें, व डाळींत जें उणें तें धान्यांत. दोन्ही मिळून शरीरास पुरतें प्रथिन होतें. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तांदुळांत त्याचा अल्पांशही नसतो. मटकीला मोड आणल्यानें तिच्यांतील जीवनसत्त्वें वाढतात व ती पचण्यास हलकी होते. हें सर्व ठाऊक नसतांना करवीरच्या घरांनीं तीच जुळणी केली होती.

ती मोडली केव्हां? १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. नंतरच्या दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले, १९६३ सालीं जिल्ह्याचा दूध संघ निघाला, आणि हातांत पैसा आला. हा उत्कर्ष चांगलाच झाला. पण त्याबरोबर सणाचें ताट रोजचें झालें आणि रोजचें ताट कमीपणाचें ठरलें. नाचणी ‘डोंगरातल्यांची’, कण्या ‘गरिबाच्या’, हुलगे ‘जनावरांचे’ अशी नांवें पडलीं. देशांत आज मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें. त्याच २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलें, आणि नाचणी मोठ्या शहरांच्या दुकानांत सुंदर वेष्टनांत महागड्या दरानें विकली जाऊं लागली. आपण जी घरांतून काढून दिली तीच आतां पाहुणी म्हणून परत येत आहे.

आमचें म्हणणें मटण सोडावें असें नाहीं, किंवा जातें परत आणावें असेंही नाहीं. इतिहासानें जो भेद राखला होता तो पुन्हा राखावा, एवढेंच. सणास रस्सा असावा व तो पोटभर व्हावा. वारास मात्र भाकरी, उसळ, पालेभाजी, कांदा आणि ताक. रात्रीं मटकी भिजत घातली व सकाळीं उपसून फडक्यांत बांधली, कीं दुसऱ्या दिवशींच्या उसळीचें निम्में काम झालें. कांदा, मोहरी, हळद, तिखट यांच्या फोडणीवर बेसन घालून झुणका होण्यास पाव तास लागत नाहीं, आणि तेवढ्यांत दुसऱ्या शेगडीवर भाकऱ्या होतात. मीठ दिवसाकाठीं माणशीं ५ ग्रॅमांच्या आंत असावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक लहान चमचाभर, आणि त्यांत लोणचें, पापड, फरसाण यांतील मीठही धरावयाचें. हा हिशेब घरांतील पुरुषांनींही ठेवावा. कारण भाकरी थापणें हें ज्याप्रमाणें एकट्या बाईचें काम नव्हे, त्याप्रमाणें कुटुंबाचें आरोग्य सांभाळणें हेंही तिच्या एकटीचें काम नव्हे.

करवीरच्या मुलांना शाळेंत पन्हाळ्याचा वेढा शिकवितात, तो शिकवावाच. त्याजबरोबर आपल्या पणजीनें कोणत्या महिन्यांत कोणती भाजी रांधली, कोणतें धान्य कसें टिकविलें, हेंही घरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांनीं विचारून लिहून घ्यावें. त्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत, आणि त्यांच्या आठवणींतील हा इतिहास दुसरीकडे कोठेंही लिहिलेला नाहीं.